भ्रूण प्रत्यारोपण: डॉक्टरांच्या हाताचा गुण म्हणजे काय आणि दांपत्याने कोणती तयारी करावी

आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर प्रयोगशाळेत फलन घडवण्याचा उपचार, घेणाऱ्या दांपत्याचे लक्ष बहुतेक वेळ आकड्यांकडे असते. अंडी किती मिळाली, त्यांपैकी कितींचे फलन झाले, भ्रूण किती तयार झाले, त्यांची प्रत काय, गर्भाशयाचे अस्तर किती मिलिमीटर झाले, याच प्रश्नांत दिवस जातात. हे सारे महत्त्वाचे आहेच. मात्र कित्येक आठवड्यांची इंजेक्शने, तपासण्या आणि प्रयोगशाळेतील काम शेवटी ज्या एका क्रियेवर येऊन थांबते, ती भ्रूण गर्भाशयात सोडण्याची क्रिया पाच-दहा मिनिटांत होते. तिला सहसा भूल लागत नाही आणि टाकाही पडत नाही, म्हणून ती किरकोळ समजली जाते. एके काळी डॉक्टरांचाही असाच समज होता. प्रयोगशाळेत भ्रूण चांगला तयार झाला की काम झाले, तो आत कोणी आणि कसा ठेवला याने फारसा फरक पडत नाही, असे मानले जाई. हा समज चुकीचा ठरला आहे, आणि तो का चुकीचा आहे हे उपचार घेणाऱ्यांनाही माहीत असावे असे मला वाटते. या टप्प्यावरच्या बऱ्याच अडचणी आधी ओळखता येतात आणि आधीच दूर करता येतात. ऐन वेळी टेबलावर झोपल्यावर मात्र त्याविषयी विचारायला उशीर झालेला असतो.

हाताचा फरक किती पडतो

अमुक डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, असे आपण सहज म्हणून जातो. भ्रूण प्रत्यारोपणात हा गुण बऱ्यापैकी मोजून पाहिला गेला आहे. २००० साली अमेरिकेतील एका केंद्राने आपल्याच डॉक्टरांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या, तेव्हा गर्भधारणेचे प्रमाण एका डॉक्टरकडे १७ टक्के, तर दुसऱ्याकडे ५४ टक्क्यांच्या आसपास निघाले. एका केंद्राचा आकडा जसाच्या तसा सगळीकडे लागू करणे बरोबर नाही, परंतु एकाच छताखाली काम करणाऱ्या डॉक्टरांमध्ये फरक पडू शकतो हे त्यातून स्पष्ट झाले. त्यानंतर नव्याने शिकणाऱ्या डॉक्टरांवर झालेल्या एका अभ्यासात, पहिल्या पंचवीसेक प्रत्यारोपणांत त्यांचे यश कमी असते आणि पन्नासच्या घरात पोहोचेपर्यंत ते अनुभवी सहकाऱ्यांच्या बरोबरीला येते, असे आढळले.

यावरून ज्यांच्या कामाची वर्षे जास्त त्यांचा हात चांगला, असा सरळ हिशेब मांडण्याचा मोह होतो, पण तो पूर्ण खरा नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतील एका केंद्राच्या अभ्यासात सुमारे २० हजार प्रत्यारोपणे तपासली गेली. त्यातही डॉक्टरागणिक फरक दिसला, मात्र कोणी किती प्रत्यारोपणे केली या संख्येने तो फरक उलगडला नाही. मी याचा अर्थ असा लावतो की सुरुवातीचे शिक्षण पूर्ण झाल्यानंतर कौशल्य वर्षांवर फारसे अवलंबून राहत नाही, ते पद्धतीवर आणि ती पद्धत प्रत्येक वेळी न कंटाळता पाळण्यावर अवलंबून राहते. त्यामुळे आपल्या डॉक्टरांना “किती वर्षे करता?” असे विचारण्यापेक्षा “कसे करता?” असे विचारणे अधिक उपयोगाचे आहे.

इथेच या कौशल्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. भ्रूणात गुणसूत्रांचा दोष असेल तर जगातील सर्वांत निष्णात हातही त्यातून निरोगी गर्भधारणा घडवू शकत नाही, आणि स्त्रीचे वय वाढते तसे अशा दोषांचे प्रमाण वाढत जाते. स्त्रीचे वय आणि भ्रूणाची प्रत यांचा परिणाम सर्वांत मोठा असतो. उत्तम प्रत्यारोपण भ्रूणात नसलेली ताकद त्याला देऊ शकत नाही, पण वाईट प्रत्यारोपण चांगल्या भ्रूणाची संधी घालवू शकते. म्हणून या पायरीवर काळजी घ्यायची.

आत नेमके काय घडते

पाच दिवसांचा भ्रूण, म्हणजे ब्लास्टोसिस्ट, जेमतेम एक-दोन दशांश मिलिमीटरचा असतो. तो पोषक द्रवाच्या साधारण २० ते ३० मायक्रोलिटर एवढ्या अंशात कॅथेटरमध्ये, म्हणजे बारीक लवचिक नळीत, घेतला जातो. ड्रॉपरमधून पडणाऱ्या एका थेंबाच्या जवळपास निम्माच हा द्रव असतो. भ्रूणाच्या मागेपुढे बहुधा हवेचा बारीकसा बुडबुडा ठेवतात, कारण भ्रूण सोनोग्राफीत दिसत नाही, हवा दिसते. भ्रूण आत ठेवल्याच्या क्षणी पडद्यावर जो चमकदार पांढरा ठिपका उमटतो आणि ज्याचे छायाचित्र अनेक दांपत्ये जपून ठेवतात, तो खरे तर हा बुडबुडा आणि द्रव यांचा असतो. भ्रूण त्याच्याच जवळपास असतो.

गर्भाशयाची पोकळी रिकाम्या पिशवीसारखी असते, अशी बहुतेकांची कल्पना असते. प्रत्यक्षात तिच्या पुढच्या आणि मागच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात, आणि दोन्हींवरच्या मऊ अस्तरांच्या मधल्या फटीत भ्रूण ठेवायचा असतो. गर्भाशय हा स्नायूंचा अवयव आहे. तो सतत, जाणवणार नाही इतक्या हळुवारपणे, आकुंचन पावत असतो. प्रत्यारोपणाच्या वेळी ही आकुंचने जास्त असली तर गर्भ राहण्याचे प्रमाण घटते, हे १९९८ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी सोनोग्राफीने मोजून दाखवले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये काही डॉक्टरांनी भ्रूणाऐवजी सोनोग्राफीत दिसणारा द्रव तेवढ्याच प्रमाणात गर्भाशयात सोडून पाहिला. कॅथेटर अलगद गेला तेव्हा द्रव बहुधा जागेवर राहिला. मात्र कॅथेटरचे टोक मुद्दाम गर्भाशयाच्या माथ्याला टेकवले तेव्हा जोरदार आकुंचने सुरू झाली आणि द्रव गर्भाशयमुखाकडे किंवा गर्भनलिकांकडे ढकलला गेला.

या एका निरीक्षणात प्रत्यारोपणाचे जवळपास सगळे तंत्र सामावलेले आहे. माथ्याला धक्का लागू द्यायचा नाही, गर्भाशयमुख ओढायचे नाही, रक्त येऊ द्यायचे नाही, घाई करायची नाही आणि वेळही दवडायचा नाही. या क्रियेत हाताला असलेला गुण म्हणजे गर्भाशयाला कोणी आत येऊन गेल्याचे कळूही न देणे.

पूर्वतयारी: रंगीत तालीम

माझ्या मते यशाचा सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. प्रत्येक स्त्रीच्या गर्भाशयमुखातील वाट वेगळी असते. कोणाची सरळ असते, तर कोणाची आतल्या तोंडापाशी एकदम वळण घेते. कोणाची आधीच्या सिझेरियनच्या व्रणामुळे एका बाजूला खेचली गेलेली असते, तर कोणाची पूर्वीच्या शस्त्रक्रियेमुळे अरुंद झालेली असते. ही वाट प्रत्यक्ष प्रत्यारोपणाच्या दिवशी पहिल्यांदा शोधायची म्हणजे अंधारात चाचपडण्यासारखेच आहे, आणि तेही हातात भ्रूण भरलेला कॅथेटर असताना.

यावरचा उपाय म्हणजे मॉक ट्रान्सफर, भ्रूणाशिवाय केलेली चाचणी. उपचार सुरू करण्यापूर्वी किंवा आधीच्या पाळीत डॉक्टर रिकामा कॅथेटर आत घालून पाहतात. वाट कोणत्या दिशेला वळते, आतपर्यंतची लांबी किती, कोणत्या प्रकारचा कॅथेटर सहज जातो, मूत्राशय भरलेले असल्याने फायदा होतो की नाही, हे सारे लिहून ठेवतात. इथे “लिहून” हा शब्द महत्त्वाचा आहे. मोठ्या केंद्रात तपासणी एका डॉक्टरने केलेली असते आणि प्रत्यारोपणाच्या दिवशी दुसरेच डॉक्टर ड्यूटीवर असतात. गर्भाशयमुखापाशी डावीकडे वळण आहे, ही एक ओळ नोंदीत असली तर दुसऱ्या डॉक्टरांची पाच मिनिटांची खटपट वाचते.

आपण विचारावे: “माझी मॉक ट्रान्सफर होणार आहे का? झाली असल्यास त्यात काय दिसले?” “सगळे ठीक आहे” एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. लांबी, वळण आणि कॅथेटर या तीन गोष्टींची नोंद आहे का, ते विचारावे. यापूर्वी प्रत्यारोपण अवघड गेले असेल, गर्भाशयाच्या आत दुर्बिणीने तपासणी झाली असेल, सिझेरियन झाले असेल, किंवा साधी अंतर्गत तपासणीही फार वेदनादायक होत असेल, तर हे सर्व स्वतःहून सांगावे. आधीच्या केंद्रातील कागदपत्रे असल्यास त्यांत प्रत्यारोपणाची नोंद शोधून ती दाखवावी. दांपत्ये हार्मोनचे अहवाल वर्षांनुवर्षे सांभाळून ठेवतात, हा एक कागद मात्र बहुधा कोणी मागून घेतलेला नसतो.

एक खबरदारी डॉक्टरांनीही घ्यायची असते. मॉक ट्रान्सफरच्या वेळी मागे झुकलेले दिसलेले गर्भाशय प्रत्यक्ष दिवशी पुढे झुकलेले असू शकते. म्हणून जुन्या नोंदीवर विसंबून न राहता त्या दिवशी पुन्हा सोनोग्राफी करून पाहिले पाहिजे.

प्रत्यारोपणाच्या दिवशी: एकेक पायरी आणि तिचे कारण

बहुतेक केंद्रे लघवी रोखून यायला सांगतात. भरलेले मूत्राशय पुढे झुकलेल्या गर्भाशयाला मागे रेटते, त्यामुळे वळण सरळ होते आणि पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशय स्पष्ट दिसते. साधारण तासभर आधी अर्धा लिटर पाणी पिणे पुरेसे असते. मूत्राशय असह्य होईपर्यंत भरल्यास स्त्री पोट आवळून धरते आणि सगळेच अवघड होऊन बसते. तसे झाल्यास थोडी लघवी करून यायला परवानगी मागण्यात संकोच करू नये. गर्भाशय मागे झुकलेले असल्यास किंवा सोनोग्राफी योनिमार्गातून करण्याची पद्धत असल्यास मूत्राशय भरण्याची गरज नसते, तेव्हा आपल्या केंद्राची सूचना काय आहे ते आधी विचारून घ्यावे.

ओळख पटवणे ही त्यानंतरची पायरी आहे. स्त्रीचे आणि जोडीदाराचे नाव, जन्मतारीख आणि भ्रूणाच्या डिशवरचे लेबल हे केंद्रातील दोघांनी मिळून ताडून पाहायचे असते. स्त्रीने आपले नाव स्वतः मोठ्याने सांगावे. कोणी नाव उच्चारले आणि आपण नुसती मान डोलावली, एवढे पुरेसे समजू नये.

मग योनिमार्ग उघडून धरणारे उपकरण, म्हणजे स्पेक्युलम, लावला जातो. इथूनच हाताचा हलकेपणा कळू लागतो. गर्भाशयमुख पाहण्यापुरताच तो उघडायचा असतो, गर्भाशयमुख ढकलले जाईल इतका नाही. गर्भाशयमुखावरचा चिकट स्राव गरम पोषक द्रवात किंवा सलाइनमध्ये भिजवलेल्या कापसाने अलगद पुसला जातो, किंवा हळुवार ओढून काढला जातो. हा स्राव राहिला तर कॅथेटरचे टोक बंद होऊ शकते, किंवा भ्रूण त्याला चिकटून परत बाहेर येऊ शकतो. अमेरिकन सोसायटी फॉर रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिनने २०१७ साली प्रत्यारोपणाविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत पुराव्याने फायदा दिसलेल्या गोष्टी मोजक्याच आहेत, आणि हा स्राव काढणे ही त्यांपैकी एक आहे. पोटावरून सोनोग्राफीचे मार्गदर्शन, मऊ कॅथेटर, टोक गर्भाशयाच्या पोकळीच्या मधल्या किंवा वरच्या भागात परंतु माथ्यापासून एक सेंटिमीटरहून अधिक अंतरावर ठेवणे, आणि नंतर स्त्रीला लगेच उठू देणे या उरलेल्या गोष्टी.

सोनोग्राफीविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. प्रत्यारोपण सोनोग्राफीच्या मदतीने करता येते, हे १९८५ पासून माहीत आहे, तरीही पुढे बराच काळ अनेक डॉक्टर कॅथेटर आत घालून तो माथ्याला टेकल्याचे हाताला जाणवले की थोडा मागे घेत आणि भ्रूण सोडत. माथ्याला टेकल्याने काय होते ते वर आलेच आहे. २०१६ साली कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात या दोन पद्धतींची तुलना करणाऱ्या अभ्यासांचे आकडे एकत्र केले गेले. केवळ स्पर्शावर विसंबून १०० स्त्रियांपैकी २३ जणींना गर्भधारणा होत असेल, तर सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाने ती २८ ते ३३ जणींना होईल, असा त्याचा निष्कर्ष होता. सोनोग्राफी यंत्र प्रत्येक केंद्रात असतेच, त्यामुळे कोणताही विशेष भार न टाकता मिळणारा हा लाभ आहे. प्रत्यारोपण सोनोग्राफीविना होणार असे सांगण्यात आले, तर त्याचे कारण नक्की विचारावे.

पुढची पायरी डॉक्टर आणि भ्रूणतज्ज्ञ यांच्या ताळमेळाची आहे. चांगली पद्धत अशी की कॅथेटरची बाहेरची नळी (भ्रूण नेणारी आतली मऊ नळी हिच्यातूनच पुढे जाते) गर्भाशयमुखातून आधी योग्य जागी नेली जाते, ती सहज गेल्याची खात्री होते, आणि मगच भ्रूणतज्ज्ञाला भ्रूण भरायला सांगितले जाते. इन्क्युबेटरमध्ये भ्रूण ३७ अंश सेल्सियसला, ठरावीक प्रमाणातील कार्बन डायऑक्साइडमध्ये असतो. बाहेर काढल्यावर त्याचे तापमान आणि भोवतालच्या द्रवाची आम्लता बदलू लागते. भ्रूण कॅथेटरमध्ये भरल्यापासून गर्भाशयात सोडेपर्यंत दोन मिनिटांहून अधिक वेळ गेल्यास यश घटते, असे स्पेनमधील एका अभ्यासात दिसले आहे. भ्रूण आधी भरून घेतला आणि मग वाट शोधत बसले, तर हीच दोन मिनिटे वाया जातात.

भ्रूण सोडताना पिचकारीचा दट्ट्या सावकाश, एका गतीने दाबायचा असतो. जोरात दाबला तर द्रव पुढे उडतो. दट्ट्या तसाच दाबून धरून कॅथेटर हळूहळू बाहेर काढायचा, कारण बोट सैल झाले तर निर्माण होणाऱ्या ओढीने भ्रूण परत नळीत येऊ शकतो. त्यानंतर भ्रूणतज्ज्ञ तोच कॅथेटर सूक्ष्मदर्शकाखाली धुऊन तपासतात. क्वचित भ्रूण नळीतच राहिलेला आढळतो. अशा वेळी तो लगेच पुन्हा सोडला जातो आणि त्यामुळे यशाची शक्यता कमी होत नाही, हे पुराव्याने स्पष्ट झाले आहे. “पुन्हा एकदा करावे लागेल” हे वाक्य कानावर पडल्यास धीर सोडू नये. त्याचा अर्थ इतकाच की कोणीतरी आपले काम नीट तपासले.

वाट अवघड असेल तेव्हा

कॅथेटर सहज न जाणे, अनेक प्रयत्न लागणे, गर्भाशयमुख उपकरणाने धरावे लागणे किंवा वाट रुंद करावी लागणे याला अवघड प्रत्यारोपण म्हणतात. २०१३ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात, अशा प्रत्यारोपणांत गर्भधारणेचे प्रमाण सहज झालेल्यांपेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने कमी आढळले. त्याच विश्लेषणात कॅथेटरवर रक्ताचा अंश दिसण्याचा मात्र वेगळा असा ठोस परिणाम दिसला नाही, ही दिलासा देणारी बाब आहे.

शिकत असताना आम्हांला गर्भाशयमुख व्हल्सेलम नावाच्या चिमट्याने धरून वाट सरळ करायला शिकवले होते, आणि तसे केल्याने कॅथेटर खरोखर सहज जाई. पुढे वाचनात आले की हा चिमटा लावल्याने रक्तातील ऑक्सिटोसिन वाढते. प्रसूतीत गर्भाशयाला आकुंचन पावायला लावणारा तो हाच हार्मोन. कॅथेटर सहज गेला याचे समाधान आम्हांला मिळत होते, पण गर्भाशयाला जे कळू द्यायचे नाही ते आपणच मोठ्याने सांगत होतो. तेव्हापासून चिमट्याआधी दुसरे सर्व उपाय करून पाहायचे, हा माझा नियम आहे.

हे उपाय साधे आहेत. मूत्राशय थोडे अधिक भरू देणे, स्पेक्युलम किंचित सैल करणे, बाहेरच्या नळीला वळणाप्रमाणे हलका बाक देणे, मऊ कॅथेटर अडत असल्यास आतून तारेचा आधार असलेली बाहेरची नळी वापरून ती आतल्या तोंडापर्यंतच नेणे आणि पुढचा प्रवास मऊ नळीने करणे. कडक नळी पोकळीत खोलवर घालायची नसते. या सगळ्यांसाठी वेळ मिळतो तो भ्रूण अजून इन्क्युबेटरमध्ये सुरक्षित असेल तरच, म्हणून बाहेरची नळी आधी आणि भ्रूण नंतर हा क्रम इतका मोलाचा आहे.

मॉक ट्रान्सफरमध्येच वाट फार अरुंद आढळली, तर प्रत्यारोपणाच्या काही आठवडे आधी दुर्बिणीने तपासून ती मोकळी करता येते. ऐन दिवशी वाट रुंद करण्याचा प्रयत्न टाळावा, कारण त्यातून रक्तस्राव आणि आकुंचने दोन्ही होतात. वेदनेमुळे किंवा स्नायू आवळले गेल्यामुळे तपासणीच शक्य होत नसेल, तर भूल देऊन प्रत्यारोपण करता येते. सरसकट सर्वांना भूल देण्याचा मात्र फायदा दिसलेला नाही. आणि खरोखरच वाट मिळत नसेल, तर भ्रूण गोठवून ठेवणे आणि अडचण दूर करून पुढच्या पाळीत प्रत्यारोपण करणे हा सन्मान्य पर्याय आहे. आजच करायचे ठरले होते म्हणून रेटून नेण्यापेक्षा आज थांबू या, असे म्हणणारे डॉक्टर अधिक कुशल असतात, आणि त्यांनी तसे म्हटल्यास दांपत्याने त्यांना साथ द्यावी.

किती भ्रूण सोडायचे

हा प्रश्नही तंत्राशी जोडलेला आहे. प्रत्यारोपणाच्या पद्धतीवर भरवसा नसेल तेव्हा दोन-तीन भ्रूण सोडून कमतरता भरून काढण्याची वृत्ती वाढते, आणि तिची किंमत जुळ्या-तिळ्या गर्भधारणेतील अकाली प्रसूती, कमी वजनाची बाळे आणि आईचा वाढलेला रक्तदाब या रूपाने मोजावी लागते. चांगल्या प्रतीचा ब्लास्टोसिस्ट उपलब्ध असेल तर एकच सोडून उरलेले गोठवावेत, याला माझा स्पष्ट कौल आहे. वय जास्त असेल किंवा आधीचे प्रयत्न फसले असतील, तर वेगळा विचार होऊ शकतो, पण तो आधी शांतपणे बसून व्हावा, टेबलावर नव्हे.

प्रत्यारोपणानंतर

“डॉक्टर, मला रात्री जोराची शिंक आली. त्यामुळे तर गेले नसेल ना?” एका बाईंनी चाचणी नकारात्मक आल्यावर मला हे विचारले होते. ते विचारण्याआधी चार दिवस त्यांनी ही गोष्ट मनात ठेवली होती, नवऱ्यालाही सांगितली नव्हती. असे प्रश्न मी पुष्कळ ऐकले आहेत: जिना चढले, गाडीला खड्ड्याचा धक्का बसला, लगेच लघवीला गेले. या सर्वांचे उत्तर एकच आहे. मूत्रमार्ग वेगळा आणि गर्भाशय वेगळे. गर्भाशयाच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात, आणि त्यांच्यामध्ये असलेला भ्रूण उभे राहिल्याने, चालल्याने, शिंकल्याने किंवा खोकल्याने खाली पडत नाही.

पडून राहण्याने फायदा तर होत नाहीच, उलट नुकसान होऊ शकते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दान केलेल्या अंड्यांपासून तयार झालेले भ्रूण घेणाऱ्या स्त्रियांचे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गट केले होते. लगेच उठलेल्या गटाच्या तुलनेत दहा मिनिटे झोपवून ठेवलेल्या गटात जिवंत बाळ जन्माला येण्याचे प्रमाण कमी आढळले. तेव्हा कपडे घालावेत, लघवीला जावे, घरी जावे आणि नेहमीची हलकी कामे करावीत. घरातील मोठ्यांनी मायेपोटी चौदा दिवस पलंगावरून उठू नकोस म्हटले, तर हे कारण त्यांनाही समजावून सांगावे.

काटेकोरपणा हवा तो औषधांत. प्रोजेस्टेरॉन हा हार्मोन अस्तराला भ्रूण स्वीकारण्याच्या स्थितीत ठेवते आणि गर्भाशयाची आकुंचने शांत करते. त्याच्या वेळा चुकवू नयेत, आणि थोडे रक्त दिसले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते बंद करू नये. रक्तातील एचसीजी या गर्भधारणेच्या हार्मोनची चाचणी साधारण ९ ते १४ दिवसांनी होते. त्याआधी घरी केलेल्या चाचणीने फसगत होऊ शकते. चाचणी सकारात्मक आल्यानंतर पोटाच्या एका बाजूला तीव्र वेदना, चक्कर किंवा जास्त रक्तस्राव झाल्यास त्वरित रुग्णालय गाठावे, कारण गर्भाशयात सोडलेला भ्रूणही क्वचित गर्भनलिकेत रुजू शकतो.

प्रयत्न फसल्यास काय मागावे

पुढचा प्रयत्न ठरवण्यापूर्वी प्रत्यारोपणाची नोंद मागून घ्यावी आणि डॉक्टरांसमवेत ती ओळीने वाचावी. कोणता कॅथेटर वापरला, तो पहिल्याच प्रयत्नात गेला का, गर्भाशयमुख चिमट्याने धरावे लागले का, टोक माथ्यापासून किती अंतरावर होते, भ्रूण भरल्यापासून सोडेपर्यंत किती वेळ लागला, नळी तपासल्यावर काय दिसले, हे त्यात असावे. सर्व सहज झाले असेल, तर पुढची चर्चा भ्रूण, अस्तर आणि औषधे यांच्याकडे वळवता येते, आणि पत्नीने आपल्या हालचालींना दोष देण्याचे कारण उरत नाही. काही अवघड गेले असेल, तर पुन्हा मॉक ट्रान्सफर करावी आणि गरज भासल्यास दुर्बिणीने तपासणी करावी. त्याच केंद्रातील दुसऱ्या डॉक्टरांनी पुढचे प्रत्यारोपण करावे असे सुचवण्यातही गैर काही नाही. नोंदच केलेली नाही असे उत्तर मिळाले, तर पुढच्या वेळी ती व्हावी आणि तिची प्रत आपल्याला मिळावी, हे उपचार सुरू होण्याआधीच स्पष्टपणे ठरवून घ्यावे.